आईला विचारून दिलेला रंग

माझ्या स्वयंपाकघरात ऊन येत नाही, हे मला घर घेतल्यावर चार वर्षांनी कळलं. दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट मी स्वतःच्या कमाईतून घेतला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. पण सकाळी साडेसातला चहा गाळून गुडगावच्या ऑफिसला पळायचं आणि संध्याकाळी आठला परत येऊन काहीतरी गरम करायचं, एवढाच माझा आणि त्या खोलीचा संबंध. दोन्ही वेळा, आणि रविवारीही, मी आत शिरताच ट्यूब लावायचे. खिडकी उत्तरेला आहे, समोर दुसऱ्या इमारतीची पाठ आहे, आणि दिवसभर तिथे नुसता मळकट उजेड असतो, हे बघायची वेळच कधी आली नाही.

ती वेळ आईमुळे आली. पप्पा सैन्यात होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि मग दोघं सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, काकांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला गेली. पप्पा गेल्यावर आई तिथे एकटी उरली. मी एकुलती एक, बेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. गावी आईला कुणी काही कमी करत नव्हतं. पण तिचे गुडघे धरायचे, दवाखाना तालुक्याला, आणि रोज संध्याकाळी फोनवर ती ज्या आवाजात "बरी आहे" म्हणायची तो मला खरा वाटायचा नाही. तिला कायमचं इकडे आणायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला मात्र तसं म्हणाले नाही. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हटलं की ती पहिल्याच वाक्याला नाही म्हणणार, याची मला खात्री होती. म्हणून "थोडे दिवस ये, हवापालट होईल" असं सांगून सप्टेंबरात तिला घेऊन आले. हवापालटासाठी माणसाला दिल्लीत आणणारी मीच पहिली असेन.

आई आली आणि माझ्या घरात क्वार्टरमध्ये राहावं तशी राहायला लागली. ज्यांनी छावणीत दिवस काढले नाहीत त्यांना हे जरा उलगडून सांगायला हवं. फौजी माणसाला दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव आणि नवं क्वार्टर. भिंतींचा रंग सरकार ठरवणार, खिळा ठोकायचा नाही, आणि सोडायच्या दिवशी एक बाबू यादी घेऊन येणार. नळ, बल्ब, काचा, कड्या, सगळं तो एकेक करून बघायचा. भिंतीला भोक दिसलं की पप्पांना बोलणी बसायची. त्यामुळे आई कुठल्याही घरात शिरायची तीच निघायच्या तयारीनं. अठ्ठावीस वर्षांत तिनं अकरा स्वयंपाकघरं सांभाळली आणि एकाही भिंतीवर आपली खूण ठेवली नाही. याचा तिला अभिमानच आहे. यादी घेऊन आलेल्या कुठल्याशा बाबूनं "भाभीजी, इतना साफ क्वार्टर तो हमने देखा नहीं" असं म्हटलेलं ती अजून सांगते.

माझ्याकडे तिनं खालचा एक कप्पा घेतला आणि आपली भांडी त्यातच ठेवली. कपड्यांची बॅग पलंगाखाली, चेन लावलेली. कढई घ्यायच्या आधी "ही घेऊ का गं?" असं विचारायची. आणि तक्रार म्हणून कशाची नाही. गीझर बिघडला, तर "चालतंय की." कामवालीनं तिची गावाहून आणलेली पितळी वाटी कुठेतरी हरवली, तरी "चालतंय की." मी रागीट आहे, राग अगदी नाकावर असतो. कुणी भांडलं तर काय करायचं ते मला कळतं. न भांडणाऱ्या माणसापुढे मी हात टेकते. आठवड्यातून एकदा तरी ती विषय काढायची, की चुलतभाऊ जानेवारीत कामासाठी दिल्लीला येणार आहे, संक्रांत झाली की त्याच्याबरोबर जाते. मी "बघू" म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

दिवाळीच्या आधी अख्खी दिल्ली रंगाला लागते. आमच्या जिन्यातही डबे आणि शिड्या दिसायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की स्वयंपाकघराचा रंग आईला निवडू द्यावा. आपण निवडलेल्या भिंती सोडून माणूस सहज निघत नाही, असा माझा हिशेब. ऑफिसातल्या मैत्रिणींना मी तो फोनवर सांगितला आणि त्यांनीही वाहवा केली. त्या रात्री इंटरनेटवर वाचलं, की उत्तरेकडच्या खोलीत थंड, निळसर उजेड असतो, तिथे उबदार रंग द्यावा. उबदार म्हणजे पिवळा. एवढं कळलं आणि मी लॅपटॉप मिटला. म्हणजे आईला विचारायच्या आधीच माझा रंग ठरला होता. पण हे मला तेव्हा कळलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

रविवारी आम्ही दोघी पालमच्या बाजारातल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं शेडकार्ड उघडून समोर ठेवलं. आईनं चष्मा चढवला आणि ती पानं हळूहळू उलटायला लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. दूध आटवत ठेवलं की शेवटी शेवटी त्याला जो लालसर रंग चढतो, तसला काहीतरी होता. मला तो मळका वाटला. मी कार्ड माझ्याकडे ओढलं आणि पिवळ्यांचं पान काढलं.

"आई, हा बघ. किती फ्रेश वाटतो ना?"

"स्वयंपाकघर उत्तरेला आहे ना गं?" आईनं विचारलं.

"हो, म्हणून तर. एकदम उजळून निघेल. तुला आवडला का सांग."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे. "तुला आवडतोय ना? मग चालतंय की."

मी दुकानदाराला म्हटलं, "भैया, यही पक्का. मम्मी को पसंद आ गया."

पेंटर मिशा पिकलेला, शांत माणूस होता. बिहारमधल्या कुठल्याशा गावचा, पण वीस-बावीस वर्षं दिल्लीतल्या भिंती रंगवत होता. पुट्टी घासून झाल्यावर त्यानं डबा उघडला, काडीनं ढवळला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "मैडम, ये पीला नॉर्थ की किचन में हरा मारेगा. थोड़ा लाली वाला ले लीजिए, अभी बदल जाएगा."

खरं तर हा माणूस फुकटात शहाणपण देत होता. पण मला वाटलं, ह्याला डबा बदलताना दुकानदाराकडून कमिशन काढायचं असेल. मी त्याच्याकडून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंगाचा एक हात मारून घेतला आणि नीट दिसावा म्हणून तो बाल्कनीत उजेडात नेला. आमची बाल्कनी दक्षिणेला. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन पडलेलं होतं आणि त्यात तो तुकडा असा झळकत होता की मी स्वतःवरच खूश झाले.

"हरा कहाँ है? बढ़िया तो है. और मम्मी की पसंद है, यही लगेगा."

आई त्याच्यासाठी चहा घेऊन उभी होती. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. लोक आले ते संध्याकाळी, दिवे लागल्यावर, आणि दिव्यांच्या उजेडात तो रंग चांगला दिसायचाच. मग नोव्हेंबर गेला, डिसेंबर आला, धुरकं खाली उतरून बसलं. हवा इतकी खराब झाली की ऑफिसनं आठवडाभर घरून काम करायला सांगितलं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. तिथून स्वयंपाकघर समोर दिसतं. चार वर्षांत पहिल्यांदाच मी ते भर दुपारी बारा वाजता, ट्यूब न लावता पाहिलं.

रंग पिवळा नव्हताच. हिरवट होता, काविळीतून उठलेल्या माणसाच्या तोंडासारखा. खिडकीतून करडा उजेड येत होता आणि भिंती तो आणखीच आजारी करून परत देत होत्या. आई दिवसा दिवा लावत नाही, ती सवय तिची आयुष्यभराची. ट्यूब बंद. शाल पांघरून ती भाताला पाणी घालत होती.

मग मी आणखी एक गोष्ट पाहिली. मेथीची जुडी आली, तशी आईनं ताट, सुरी, जुडी सगळं उचललं आणि मेथी निवडायला बाल्कनीच्या दारात जाऊन बसली. कणीकही तिनं तिथेच मळली. कोशिंबिरीचा कांदा तिथेच चिरला. स्वयंपाकघरात जायची ती फक्त गॅसपाशी उभं राहण्यापुरती, आणि काम झालं की लगेच बाहेर. गुडघे धरून दहा वेळा उठबस करत होती, पण त्या खोलीत थांबत नव्हती.

"आई, आत ओट्यावर कर की. सारखी काय ये-जा करतेस?"

"इथं बरं वाटतं," ती म्हणाली.

मी समजून गेले. समजूनही काही बोलले नाही, कारण बोलले असते तर चूक माझी निघाली असती. आणि तिचं ते गप्प राहणं मला आतून पोखरायला लागलं. माझ्या घरात दोन महिने तिला नको असलेली भिंत होती आणि आई ती निमूट सहन करत होती, सरकारी भिंत सहन करावी तशी. संक्रांतीला महिना राहिला होता.

त्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी गाजर हलव्याचा डबा घेऊन आल्या. आई पिठलं ढवळत होती. आंटी थेट स्वयंपाकघराच्या दारात आल्या, भिंतींवरून नजर फिरवली आणि शेजारधर्माला जागून म्हणाल्या, "कलर तो बड़ा अलग है जी."

"मम्मी ने चूज किया है आंटी," मी म्हटलं. इतक्या वेळा म्हणून झालं होतं की जीभ आपोआप वळली.

"मैंने नहीं किया," आई म्हणाली.

तिची पाठ आमच्याकडे होती. तिनं गॅस बारीक केला आणि वळली. "बहनजी, इसने किया. मेरे को तो बिल्कुल अच्छा नहीं लगता."

आंटी तीन सुना नांदवलेल्या बाई. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, "अच्छा जी, चलती हूँ, हलवा गरम करके खाना" एवढं म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

माझं डोकं फिरलं. "आंटींसमोर माझी शोभा करायची काय गरज होती? आवडला नव्हता तर तेव्हाच सांगायचंस ना. दुकानात मी विचारलं होतं तुला."

"विचारलंस. आणि उत्तर पण तूच दिलंस."

"तू 'चालतंय' म्हणालीस!"

"मग? तुझं घर, तुझी भिंत. मी काय म्हणणार?" आईनं पिठल्यावर झाकण ठेवलं. "ते पण मी सोडून दिलं असतं. पण तू सगळ्या जगाला सांगत फिरतेस, आईनं निवडला, आईनं निवडला. दुकानात सांगितलंस. पेंटरला सांगितलंस, तो बिचारा बरोबर बोलत होता. फोनवर मैत्रिणींना सांगितलंस. आता ह्या बाईला. असला रंग निवडायला मी काय अडाणी आहे? अकरा स्वयंपाकघरं केली मी. उत्तरेच्या खोलीला असला पिवळा देत नाहीत, एवढं मला कळतं."

मग तिनं मला पठाणकोटचं क्वार्टर सांगितलं. मी तेव्हा तीन वर्षांची होते, मला त्यातलं काही आठवत नाही. तिथलं स्वयंपाकघरही उत्तरेला, भिंती पिवळ्या चुन्याच्या, आणि हिवाळाभर धुकं. भाकरी भाजली की करपली तेही रंगावरून ओळखू यायचं नाही, वासावर काढावी लागायची. दूध शुद्ध असलं तरी निळं दिसायचं, म्हणून पहिला महिनाभर ती दूधवाल्याशी भांडली होती. नंतर शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईनं तिला दाखवलं, की दूध अंगणात नेऊन बघ. मी दुकानात पिवळ्यांचं पान काढलं तेव्हाच तिला पठाणकोट आठवलं होतं.

"आणि तरी तू गप्प बसलीस," मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, पण तो चढेना. "आई, मी तो रंग तुझ्यासाठी दिला. मला वाटलं, तू निवडलास की तुला हे घर आपलं वाटेल. तू जाणार नाहीस."

हे मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर मला रडू यायला लागलं, आणि बेचाळीसाव्या वर्षी आईसमोर ओट्याला टेकून रडण्यात काही शोभा नसते, म्हणून मी नळ सोडून हात धुवायला लागले.

पिठल्याखालचा गॅस तिनं बंद केला.

"मला ठेवून घ्यायला भिंती रंगवल्यास," ती म्हणाली. "एवढा खटाटोप केलास. मैत्रिणींशी बोललीस, शेजारणीशी बोललीस. मला एकदा विचारलंस का, आई, राहतेस का म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. तीन महिने एका घरात राहून मी आईला ते एक वाक्य विचारलं नव्हतं. ती नाही म्हणेल या भीतीनं मी सप्टेंबरात तिला फसवून आणलं, ऑक्टोबरात रंगाची युक्ती काढली, आणि ती परत जायचं नाव काढेल तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवत गेले. मी तिला थोड्या दिवसांची पाहुणी म्हणून आणलं, आणि ती पाहुण्यासारखी राहते म्हणून तिच्यावरच चिडत होते. तिच्या सगळ्या बदल्यांच्या वेळी निदान कागद तरी यायचा, किती वर्षं कुठे राहायचं त्याचा. मी तेवढंही केलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"राहतेस का?" मी विचारलं. नळ चालूच होता.

आईनं पुढे होऊन तो बंद केला. "आधी हा रंग काढ," ती म्हणाली. "दिवसभर मला बघायचा असतो. तू काय, चहापुरती येतेस."

एवढंच. आम्ही पिठलं-भात खाल्ला, हलवा गरम करायचा राहिला तो तसाच थंड खाल्ला, आणि मी टेबलावरूनच पेंटरला फोन लावला. तो म्हणाला, धुकं जरा कमी होऊ दे, ओल धरते, जानेवारीच्या शेवटी येतो. मधल्या काळात संक्रांत झाली. चुलतभाऊ आला, तिळगूळ घेऊन गेला. गावी काकू काय-काय म्हणतील अशी धास्ती मला होती, पण आईनं त्यालाच सांगितलं, की घरात रंगाचं काम निघालंय, ते टाकून कशी येऊ. कधी येणार ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तिच्या त्या उत्तरातून मी लाख अर्थ काढत बसले. अजूनही काढते.

पेंटर आला तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी जरा लवकर घरी येऊन बघते तर आईनं त्याच्याकडून काम सुरूच करून घेतलं नव्हतं. दुकानातून तीन रंगांच्या छोट्या डब्या मागवल्या होत्या आणि ओट्याच्या वरच्या भिंतीवर तीन चौकोन मारून घेतले होते. पुठ्ठ्यावर नाही, भिंतीवर. ट्यूब बंद ठेवून ती ते चौकोन सकाळी सातला बघणार होती, बाराला बघणार होती, चारला बघणार होती, आणि हे दोन दिवस चालणार होतं. पेंटर वेताचं स्टूल टाकून दारात बसला होता. "माताजी बोलीं, कल भी देखेंगी," तो मला म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. उलट आपल्या तोलाचं गिऱ्हाईक भेटल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अर्धा दिवस रजा टाकून चारच्या आत घरी आले. आई त्या चौकोनांसमोर हाताची घडी घालून उभी होती. खालच्या कप्प्यातली तिची भांडी रंग उडेल म्हणून माझ्या भांड्यांबरोबर एकाच टोपलीत भरून बाहेर काढलेली होती. करड्या उजेडात पहिला चौकोन फिका पडला होता, तिसरा विटेसारखा झाला होता. मधला मात्र मऊ, लालसर, ऊब धरून होता. पेंटर शिडीला टेकून तिच्या तोंडाकडे बघत होता. मीही बघत होते. खूप दिवसांनी माझ्या मनात भीती नव्हती, आणि मला बरं वाटायला लागलं की माझी जीभ आवरत नाही, ती खोड जन्माची.

"आई, तो मधला मस्त आहे," मी म्हटलं.

आईनं मान वळवलीसुद्धा नाही. "तुला कुणी विचारलंय?" ती म्हणाली.